अक्षर तिचं होतं

आमच्या शाळेच्या पेपराला नाव नव्हतं. ठेवायचं होतं, पण पहिल्याच बैठकीत नावावरून एवढी भांडणं झाली की सर म्हणाले, "पहिल्या पानावर वरची जागा कोरी सोडा. पुढच्या अंकापर्यंत ठरवू." पुढच्या अंकापर्यंत ठरलं नाही. त्याच्या पुढच्या अंकापर्यंतही नाही. मग एका शनिवारी गावातले एक म्हातारेबाबा शाळेच्या फाटकाशी सायकल टेकवून उभे राहिले आणि म्हणाले, "काबरे, पोराईचा पेपर निंघाला का?" झालं, पोराईचा म्हणजे पोरांचा पेपर, तेच नाव पडलं. छापलं मात्र कधीच नाही.

गाव फैजपूरच्या अलीकडचं. उत्तरेला सातपुडा, आणि गावापासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत नुसती केळी. मी आता जळगावला असतो. एका दैनिकात शेतीचं पान बघतो, बरीच वर्षं झाली. लिहायला कुठे शिकलात असं कोणी विचारलं की मी पोराईच्या पेपराचा किस्सा सांगतो. सायक्लोस्टाइलचं मशीन, काळे हात, केळीचे भाव. लोक हसतात, मीही हसतो. पण हा किस्सा मी नेहमी एका ठिकाणी थांबवतो. त्याच्या पुढचं कधी कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

त्या पेपराचं सगळं अक्षर एका मुलीचं होतं. त्या अक्षरापायी तिच्या वडिलांना गाव सोडावं लागलं, आणि त्यात माझा हात होता. यंदा शाळेचा मोठा वर्धापनदिन होता. शाळेनं मला ‘संस्थापक संपादक’ म्हणून सत्काराला बोलावलं, आणि ज्या गावापुढे ही गोष्ट मी इतकी वर्षं लपवली त्याच गावापुढे माइक हातात देऊन उभं केलं. बोलायचं की नेहमीच्या जागी थांबायचं, एवढाच प्रश्न होता. तो मला सुटता सुटेना.

पण आधी पेपर.

पेपर काढायची कल्पना आमच्या मराठीच्या सरांची. सर धुळ्याकडचे. वर्गात शुद्ध बोलायचे, पण चिडले की त्यांचं अहिराणी बाहेर यायचं. "हाई काय शे?" म्हणून ते कागद हवेत नाचवायचे आणि आम्ही खाली मान घालून हसायचो. आमची बोली वेगळी, त्यांची वेगळी. ते आम्हाला केळीला ‘केयी’ म्हणतो म्हणून चिडवायचे, आम्ही त्यांच्या ‘शे’ला. तेवढ्यावर त्यांची-आमची दोस्ती पक्की झाली.

सरांचे नियम दोनच. जे डोळ्यांनी पाहिलं तेच लिहायचं, ऐकलेलं असेल तर दोन जणांना विचारून मग. आणि बातमीखाली कुणाचंही नाव टाकायचं नाही. "अंक सगळ्यांचा. चांगलं लिहिलं तर सगळ्यांनी लिहिलं, वाईट लिहिलं तर सगळ्यांनी लिहिलं." हे वाक्य आम्हाला इतकं आवडलं होतं की आम्ही ते उगाचच एकमेकांना ऐकवत फिरायचो. डब्यातली भाजी खारट निघाली तरी कोणीतरी म्हणायचं, "सगळ्यांनी केली."

मी संपादक होतो. दहावीत होतो, निबंधात मार्क पडायचे, आणि मोठ्या आवाजात बोलायचो, म्हणून संपादक. लिहायचं काम खरं तर चार-पाच जण करायचे. खेळाच्या बातम्या एक जण आणायचा, तो स्वतःच कबड्डीच्या टीममध्ये होता, त्यामुळे आमची शाळा हरली तरी बातमीत पंच चुकलेला असायचा. केळीचा भाव मी आणायचो. गावात केळी विकायची सोसायटी होती, फ्रूटसेल म्हणायचे तिला. तिथल्या फळ्यावर भाव लिहिलेला असायचा, तो शनिवारी सकाळी शाळेत येताना मी बघून यायचो. हा भाव ज्या दिवशी पहिल्यांदा छापला त्या दिवसापासून पेपर घरोघरी गेला. त्याआधी आया वाचायच्या, आपल्या पोराचं नाव कुठे दिसतं का ते बघायला. भाव आल्यावर बापही वाचू लागले. मागच्या पानाचा खालचा कोपरा, तिथून वाचायला सुरुवात करायचे.

कागदाचा प्रश्न एका वर्गमित्रामुळे सुटला. त्याच्या मामांची जळगावला डाळमिल होती. मामा कागदाची रिमं पाठवायचे, आणि आम्ही शेवटच्या पानावर त्यांच्या तूरडाळीची जाहिरात टाकायचो. "लवकर शिजते." एवढेच दोन शब्द. आमच्या घरी आई ती डाळ चुलीवर चढवली की म्हणायची, "तुमच्या पेपरात खोटं छापतात."

आता अक्षराचं सांगतो.

सायक्लोस्टाइल ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी. मेण लावलेला एक पातळ कागद असायचा, त्याला स्टेन्सिल म्हणायचे. त्यावर लोखंडी टोकाच्या लेखणीनं कोरून लिहायचं. जिथे मेण निघालं तिथून शाई खाली उतरायची. मग तो कागद मशीनच्या रोलरला लावायचा, शाईची ट्यूब पिळायची, आणि हँडल फिरवायचं. मशीन शाळेच्या ऑफिसात, चाचणी परीक्षेचे पेपर काढायचं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की ते दुपारपुरतं आमचं.

मेणाच्या कागदावर लिहिणं सोपं नाही. लेखणी जोरात दाबली की ‘व’चं, ‘ठ’चं पोट आख्खं गळून पडतं आणि छापताना तिथे काळा ठिपका येतो. पहिल्या अंकात मी लिहिलं होतं. "विद्यार्थ्यांनी वर्गात शांतता ठेवावी" या ओळीत जागोजागी शाईची ढेकळं. सरांनी अंक डोळ्यांपासून लांब धरून बघितला आणि म्हणाले, "बठ्ठा देवीचा रोगी दिसतो." बठ्ठा म्हणजे सगळा.

दुसऱ्या अंकापासून ती लिहू लागली. ती भाऊसाहेबांची मुलगी, आमच्याच वर्गात. भाऊसाहेब म्हणजे शाळेचे क्लार्क. मशीनच्या खोलीची किल्ली त्यांच्याकडे असायची, म्हणून ती शनिवारी दुपारी तिथे थांबायचीच. तिनं काय केलं, तर प्रत्येक गोल अक्षराचं तोंड केसभर उघडं ठेवायला सुरुवात केली. ‘व’चं पोट पूर्ण मिटवायचंच नाही. मग गळून पडायला काही उरत नाही. छापून आलं की अक्षर मोत्यासारखं, आणि जवळून पाहिलं तर प्रत्येक गोलाला बारीकशी खिडकी. तसं अक्षर अख्ख्या गावात कुणाचं नव्हतं. दुकानात पुडी बांधलेल्या कागदावर पाव ओळ दिसली तरी लोक ओळखायचे, हे भाऊसाहेबांच्या पोरीचं.

आणि इथेच आमची गंमत झाली. बातमीखाली नाव नाही, पण अक्षर तर दिसतंय. त्यामुळे पेपरातलं सगळं तीच लिहिते, असं अर्ध्या गावाला वाटायचं. बाजारात बायका तिला विचारायच्या, "काव माय, यंदा भाव पडीन का?" ती म्हणायची, "मावशी, मी नुसती उतरवते." कोणी ऐकायचं नाही.

मुलामुलींनी समोरासमोर बोलायची तेव्हा आमच्याकडे रीत नव्हती. एका खोलीत, एका टेबलाशी काम करायचो, पण बोलणं तिच्या मैत्रिणीमार्फत. ती मैत्रीण अंकाच्या घड्या घालायची.

"तिला सांग, ही बातमी पहिल्या पानावर घे."

"त्याला विचार, मग पहिल्या पानावरची कुठे टाकू? त्याच्या डोक्यावर?"

"तिला सांग, ‘प्रचंड’ शब्द का काढला?"

"त्याला सांग, चौथीच्या पोरांची लिंबू-चमचा शर्यत प्रचंड नसते."

मैत्रीण शेवटी हातातले कागद आपटायची. "तुम्ही दोघं बहिरे आहात का? मी काय टपाल आहे?" आणि भाऊसाहेब खिडकीशी खुर्ची टाकून, डोळे मिटून, सगळं ऐकत बसलेले असायचे. छापून झालं की स्वतः उठायचे आणि रॉकेलच्या बोळ्यानं मशीन पुसायचे. आमच्या हातांनाही थोडं रॉकेल द्यायचे. "घरी गेल्यावर साबण लावा, नाही तर माय म्हणीन पोरगं गॅरेजात ठेवलं."

ओले अंक नववीच्या वर्गात बाकांवर पसरायचे. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून प्रत्येकावर खडूचा तुकडा ठेवायचा. सगळ्या वर्गभर पांढरे कागद आणि शाईचा वास. मला आजही कुठे ताज्या शाईचा वास आला की मी तिथून बाजूला होतो. ऑफिसात आता शाई नसते, सगळं स्क्रीनवर. बरंच आहे एका अर्थी.

तर, दिवाळीच्या आधीची गोष्ट.

नववी-दहावीला कार्यानुभवाचा तास असायचा. हातानं काम शिकायचं. कुठे बागकाम, कुठे सुतारकाम. आमच्याकडे केळी, म्हणून आम्हाला बागेत नेत. केळीच्या बुडाशी पिलं फुटतात, ती वेळेवर कापली नाहीत तर मुख्य झाडाचं खातात. ती विळ्यानं कापायची. आम्ही शेतकऱ्यांची पोरं, आमचा हात बसलेला. दोन तासांत अर्धी बाग साफ. आणि ती बाग संस्थेच्या अध्यक्षांची होती. शाळेला स्वतःची जमीन नव्हतीच. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. नानांची बाग म्हणजे शाळेचीच, असं गावच म्हणायचं. नाना म्हणजे अध्यक्ष.

त्या आठवड्याच्या अंकात त्याची चार ओळींची बातमी आली. कोणत्या वर्गानं काम केलं, किती घाम गेला, विळा लागून एकाचं बोट कापलं. आणि शेवटची ओळ: "ही बाग शाळेची नव्हती."

बातमी मी दिली होती. ती शेवटची ओळ मी लिहिली असं मला तेव्हापासून अगदी परवापर्यंत ठाम वाटत होतं.

सोमवारी मला हेडमास्तरांच्या खोलीत बोलावलं. नाना तिथे बसलेले. टेबलावर अंक. हेडमास्तरांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "हे कोणी लिहिलं?"

मी अंक हातात घेतला. पहिल्यांदाच बघतोय असा. आणि म्हणालो, "अक्षर तिचं आहे, सर."

"कुणाचं? भाऊसाहेबांच्या मुलीचं?"

"हो, सर."

नाना हसले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. "पोरीले एवळं सुचते का? बापानंच सांगेल असीन." मग माझ्याकडे बघून, "तू जाय."

मी गेलो.

खोटं मी बोललो नव्हतो. अक्षर तिचंच होतं. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं आहे की त्याचे शब्द गुळगुळीत झाले. पुढे मी एक कारणही शोधून ठेवलं. आमची बाग त्या आठवड्यात कापणीला आलेली होती, आणि कुणाची केळी आधी कापायची ते फ्रूटसेलमध्ये नानांच्या शब्दावर ठरायचं. कापणी आठवडाभर लांबली तर घड झाडावरच पिकतात, मग व्यापारी बघत नाही. मी घर वाचवलं, असं ते कारण. पण आता काय लपवायचं? त्या खोलीत उभा असताना मला केळी आठवलीच नव्हती. मला फक्त तिथून बाहेर जायचं होतं. केळी नंतर आठवली.

तिलाही बोलावलं. ती परत आली तेव्हा मैत्रिणीनं विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "विचारलं, अक्षर तुझं का, मी हो म्हटलं. विचारलं, कोणी सांगितलं लिहायला, तर म्हटलं आमच्यात बातमीखाली नाव नसतं." एवढंच बोलून ती भूगोलाचं पुस्तक काढून बसली. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. मी तिच्याकडे बघत होतो.

दिवाळीनंतर भाऊसाहेबांची बदली झाली. संस्थेची एक शाखा पार दोंडाईच्याकडे होती, धुळे जिल्ह्यात. दहावीचं वर्ष अर्ध्यावर असताना ती गेली. सरही वर्षअखेर धुळ्याला परत गेले. मशीन पुन्हा फक्त परीक्षेचे पेपर काढू लागलं. मला बोर्डात चांगले मार्क पडले, सत्कार झाला, नानांनी पाठीवर हात ठेवला. तो हात मी झटकला नाही.

या वर्षी फेब्रुवारीत शाळेच्या आत्ताच्या हेडमास्तरांचा फोन आला. भला माणूस, माझ्यापेक्षा लहान. म्हणाला, "सर, मुलांनी पेपर पुन्हा सुरू केलाय, मोबाइलवर. तुम्हाला संस्थापक संपादक म्हणून बोलवायचंय. आणि त्या सुंदर अक्षराच्या बाई होत्या ना, त्यांचाही सत्कार करू. सुवाच्य अक्षराबद्दल. तुमच्याकडे पत्ता असेल."

पत्ता माझ्याकडे होता. बऱ्याच वर्षांपासून होता. मी म्हणालो, "मी स्वतः जाऊन सांगतो."

दोंडाईच्याला मी स्टेशनवर उतरलो तेव्हाच डोळे चुरचुरू लागले. मिरचीचा हंगाम. गावाबाहेर मोकळ्या जागेत लाल मिरच्या वाळत पडलेल्या, त्यातून पायवाटा. तिच्या सासरचा मिरचीचाच व्यापार. तिचे यजमान पोत्यांवर बसले होते, मला बघून म्हणाले, "काय काम शे भाऊ?" मी उत्तर द्यायच्या आधीच ठसका लागला. ते हसले. "आठे बठ्ठाच खोकलतस. बसा."

ती बाहेर आली. केस पांढरे, चष्मा, हातावर मिरचीची लाली. मला ओळखायला तिला क्षणही लागला नाही.

"या भाऊ," ती म्हणाली. "पाणी घ्या आधी. नाही तर लोक म्हणतील, पाहुणा रडत आला."

खरं म्हणजे माझ्या डोळ्यांतून पाणी वाहतच होतं आणि ते मिरचीचं होतं. आयतीच सोय.

तिच्या सासूबाई, यजमान, चहा, फरसाण, पाऊसपाण्याच्या गप्पा. बारावीपर्यंत शिकले, मग लग्न झालं, असं तिनं मधेच सांगून टाकलं. मग यजमान गाडी भरायला उठले. मी आमंत्रणाचं सांगितलं. सुवाच्य अक्षराचा सत्कार हे ऐकून ती खुदकन हसली.

"आणि तुमचा?"

"संस्थापक संपादक."

"अच्छा." तिनं पदरानं चष्मा पुसला. "ती बागेची बातमी आठवते?"

मी चारही ओळी म्हणून दाखवल्या. शेवटची ओळ म्हणताना माझा आवाज बदलला, हे माझं मलाच ऐकू आलं. आणि मी जे सांगायला आलो होतो ते सुरू केलं, की ती ओळ मी लिहिली आणि भोगली तू.

"थांब," ती म्हणाली. ‘भाऊ’ गेलं, ‘तुम्ही’ गेलं. "शेवटची ओळ तू लिहिली?"

"म्हणजे काय?"

"तुझ्या कागदावर होतं, ‘अशा प्रकारे विद्यार्थ्यांना श्रमाचे महत्त्व पटले.’ मला इतकं हसू आलं. मी ते गाळलं, आणि ही टाकली. तुला विचारायला पाहिजे होतं, पण तू तिकडे रोलरशी होतास आणि मैत्रीण त्या दिवशी आली नव्हती."

मला एकदम ते वाक्य दिसलं. माझ्या हातचं, निळ्या शाईत. ‘श्रमाचे महत्त्व पटले.’ त्या वयात मी असंच लिहायचो. खरं सांगू? आजही मला तसंच सुचतं. "ही बाग शाळेची नव्हती" हे मला त्या वयात सुचणं शक्यच नव्हतं. मग इतकी वर्षं मी ते माझं का म्हणत आलो? कारण त्या ओळीचा मला मनातून अभिमानही होता. अपराध म्हणून जपली, आणि आतल्या आत मिरवलीही.

"कितीतरी वाक्यं मी बदलायची," ती म्हणाली. "तुला कळलंच नाही कधी. छापून आलं की वाचून खूश व्हायचास. मला वाटायचं, होऊ दे खूश."

"मग मला काही माफी मागायची नाही, असंच ना?" मी म्हणालो. हलकं व्हायला मी इतका उतावीळ होतो की हे तोंडातून गेलं.

ती माझा रिकामा कप उचलू लागली. आणि तेव्हा मला कळलं की जे सांगायचं आहे ते अजून राहिलंच आहे. मी सांगितलं. की मला तिच्या आधी बोलावलं होतं. की मी गप्प नव्हतो बसलो. "अक्षर तिचं आहे, सर." हे शब्द मी तिच्या अंगणात जसेच्या तसे म्हणालो.

तिचा चेहरा बदलला तो मी विसरणार नाही. राग पहिल्यांदा आला नाही. आधी ती काहीतरी मनात जुळवत होती.

"आबा म्हणायचे," ती हळू म्हणाली. आबा म्हणजे भाऊसाहेब. "आबा म्हणायचे, त्या पोरानं तुझं नाव घेतलं असणार, नाही तर आधी त्याला धरलं असतं. मी भांडायची त्यांच्याशी. म्हणायची, तो भित्रा आहे, गप्प बसला असेल, पण नाव नाही घेणार. ते जाईपर्यंत मी हेच म्हणत होते. त्यांना खोटं पाडत होते मी."

मिरच्या भरायचा आवाज येत होता. फावड्यानं ओढायचे आणि पोत्यात ढकलायचे.

"आबांना तर त्यातलं काही माहीतच नव्हतं," ती म्हणाली. "त्यांनी अंक वाचलाही नव्हता. ते नुसते मशीन पुसायचे. आणि त्या गावात आजही म्हणत असतील, क्लार्कनं पोरीच्या हातून नानांवर डाव टाकला. आमच्या लग्नकार्यात त्या बाजूचे लोक भेटले की अजून हसून म्हणतात, तुमचे वडील भारी होते हं. आबांना ते ‘भारी’ फार लागायचं."

"मी काय करू?"

"माझं सोड. मी लिहिलं होतं, मी हो म्हटलं, मला त्याचं काही नाही. आबांचं सांग. तिथे सांग, त्याच गावात, माझ्या कानात सांगून काय उपयोग?"

परतीच्या गाडीत मी हिशेब घातला, हेही कबूल करतो. आताचे अध्यक्ष नानांचा मुलगा. आमच्या दैनिकाला त्यांच्याकडून बऱ्याच जाहिराती येतात. कार्यक्रमपत्रिका छापून झालेली. शिवाय कुणाला आठवतंय आता? अमळनेर येईपर्यंत मी न बोलायची चांगली पाच-सहा कारणं तयार केली होती. सगळी बरोबर होती. तेवढंच मला टोचलं. त्या खोलीतही मी बरोबरच बोललो होतो.

कार्यक्रम शाळेच्या मैदानावर, मांडवात. मुलांचा नवा पेपर पडद्यावर दाखवला. रंगीत, फोटोंचा, आणि शेवटी केळीचा भाव. मांडवातले सगळे शेतकरी तिथेच पुढे झुकले. मला हसू आलं आणि जरा बरंही वाटलं. ती येईल असं मला वाटलं नव्हतं, पण मिरचीच्या टेम्पोतून दोघं नवरा-बायको आले होते, आणि ती बायकांच्या बाजूला कडेच्या खुर्चीवर बसली होती. अक्षराचा सत्कार तिनं नको म्हणून कळवलं होतं.

माझं नाव पुकारलं. शाल, श्रीफळ. मी माइकशी गेलो आणि आधी पेपराचंच सांगितलं, मशीनचं, सरांचं, खडूच्या तुकड्यांचं. लोक हसत होते. नेहमीची जागा आली, जिथे मी थांबतो. मी म्हणालो, "या पेपराचा खरा संपादक मी नव्हतो. माझी वाक्यं जी सुधारायची ती पलीकडे बसली आहे." टाळ्या पडल्या. टाळ्यांवर थांबता आलं असतं. "तिच्या वडिलांची, भाऊसाहेबांची, इथून बदली झाली, कारण त्यांनी बागेची बातमी लिहायला लावली असं सगळ्यांना वाटलं. त्यांना त्यातलं काही माहीत नव्हतं. मला विचारलं तेव्हा मी मुलीच्या अक्षराकडे बोट दाखवलं आणि निघून आलो. बातमी मी दिली होती. त्यांच्यावर आळ माझ्यामुळे आला."

मांडवात कुजबुज झाली. पुढच्या रांगेतले एक आजोबा जोरात म्हणाले, "आता कायले उकरू राह्यला, भाऊ? किती वर्सं झाली!" लोक हसले. मीही हसलो असतो एरवी. अध्यक्ष मोबाइल बघत होते. त्यांच्या भाषणात ते म्हणाले, शाळेच्या आठवणी गोडच असतात.

जेवणाच्या वेळी माझ्या ताटाशी फारसं कोणी आलं नाही. वरणबट्टी छान होती. नव्या पेपरातल्या मुली मात्र तिच्याभोवती जमल्या होत्या, मोबाइल पुढे धरून कसला तरी मथळा दाखवत होत्या, आणि ती डोळे बारीक करून वाचत होती. "हे ‘भव्य’ कशाला?" असं ऐकू आलं. मग मुलींचं हसणं.

टेम्पो सुरू झाला तेव्हा मी फाटकाशी गेलो. यजमान स्टिअरिंगशी होते, त्यांनी हात जोडले. ती खिडकीत.

"आबांचं बोललास," ती म्हणाली. "बरं झालं. एवढंच पाहिजे होतं." मग, "तू माझं नाव घेतलंस, ते मात्र माझ्याकडेच राहू दे. त्याचं मी अजून काही ठरवलं नाही."

मी मान हलवली. यजमानांनी विचारलं, "बसतस का? जळगावपर्यंत सोडतो." मी म्हटलं, नको, माझी गाडी आहे.